मे महिन्यातली पहिली व्हाया फेराटा: कुठली निवडावी आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचं चौघांचं कुटुंब मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंड आणि उत्तर इटलीला जाणार आहे. एंगेलबर्गला दोन मुक्काम, लाउटरब्रुनेनला दोन, मग गार्डा सरोवराच्या काठी तीन. विचारणारे ४४ वर्षांचे, तालमीतली तब्येत, वजन १०८ किलो. वहिनी ४० वर्षांच्या, दिवसभर चालू शकतात, पण हरिहर उतरताना पाय थरथरले होते. मुलगी १६ वर्षांची, धाकटा ११ वर्षांचा आणि ३४ किलोचा. पन्हाळा–पावनखिंड दोनदा झाली आहे. लाउटरब्रुनेनजवळच्या म्युरेनच्या व्हाया फेराटाचा व्हिडिओ पाहिला, खाली ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलेलं होतं. ती जमेल का, आणि नाही तर कुठली करावी?

आधी उत्तर देतो. म्युरेन या खेपेला नको. गार्डाच्या मुक्कामातून एक सकाळ काढा आणि आर्को गावातली कोलोद्री करा. धाकट्यासाठी गाइड आणि दोर लागेलच, त्यात सवलत नाही. आता हे असं का, ते नीट सांगतो. कारण तारीख किंवा माणसं बदलली तर माझं उत्तरही बदलेल.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. व्हाया फेराटा म्हणजे इटालियन भाषेत लोखंडी वाट. कड्यात पक्के अँकर, म्हणजे लोखंडी खुंट, ठोकलेले असतात आणि त्यांतून पोलादी केबल पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओवलेली असते. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे लोखंडी पायऱ्या, शिड्या, क्वचित पूल. कमरेच्या हार्नेसला (सुरक्षापट्ट्याला) जोडलेल्या दोन कॅराबिनरनी, म्हणजे दार असलेल्या धातूच्या कड्यांनी, आपण त्या केबलला अडकून वर जातो. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइनवर १८४३ मध्येच अशी लोखंडं बसवली गेली होती. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य डोलोमाइट पर्वताच्या कड्यांवर समोरासमोर ठाकलं, तेव्हा शिड्या आणि दोरांच्या वाटा वाढल्या. आजच्या कित्येक वाटा त्या लष्करी वाटांवरूनच जातात.

निवड करताना पहिला मुद्दा महिन्याचा, आणि आपल्याकडच्या कुटुंबांचं गणित इथेच चुकतं. आपली सुट्टी मे महिन्यात. आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या वर मे म्हणजे अजून हिवाळ्याचं शेपूट. उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींमध्ये जून उलटेपर्यंत कडक बर्फ बसलेला असतो आणि केबल त्याखाली गाडलेली असते. केबल गाडलेली म्हणजे अडकायला काही नाही, आणि पायाखाली घसरडा उतार. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) वापरता येणाऱ्याचंच काम. शिवाय हिवाळ्यात दगड पडून काही अँकर निसटलेले असतात, त्यांची तपासणी होऊन मगच वाट उघडते. रोपवेही मे महिन्यात बरेचसे दुरुस्तीसाठी बंद असतात. म्युरेनची वाट साधारण जूनच्या मध्यापासून उघडते, म्हणजे तुमच्या तारखांना ती बहुधा बंदच असेल. एंगेलबर्गला टिटलिस शिखराच्या समोरच्या बाजूला ब्रुनी नावाचा भाग आहे, तिथली ब्रुनिस्टॉकली ही अगदी छोटी आणि पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सुरेख वाट आहे. पण तीही अठराशे मीटरच्या वर, मे अखेरीला बर्फातच धरून चाला.

दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. ऑक्टोबर संपता संपता डोंगरावरच्या निवाऱ्यांना कुलपं लागलेली असतात, दिवस आखूड, आणि सावलीतल्या केबलवर सकाळी बर्फाचा पातळ थर. म्हणून शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबाने कमी उंचीवरची वाटच शोधावी. गार्डा सरोवराचा उत्तर काठ त्यासाठी उत्तम. सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून जेमतेम ६५ मीटरवर आहे, काठाला ऑलिव्हच्या बागा आहेत, आणि भोवतीच्या चुनखडीच्या कड्यांवर वसंतातही कोरडं, उबदार हवामान मिळतं.

दुसरा मुद्दा श्रेणीचा. ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द कोणी कुठल्या मोजपट्टीवर लिहिला ते पाहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, कारण मोजपट्ट्या चार आहेत आणि एकच अक्षर दोन ठिकाणी उलट अर्थ देतं. ऑस्ट्रिया-जर्मनीची पट्टी ए, बी, सी, डी, ई अशी चढत जाते आणि तिच्याही वर अतिकठीण वाटांना एफ. फ्रान्समध्ये एफ म्हणजे ‘फासील’, सगळ्यात सोपी. त्यापुढे पीडी, एडी, डी, टीडी, ईडी. स्वित्झर्लंडमध्ये के १ ते के ६. डोलोमाइटच्या इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये एक आकडा आणि एक अक्षर असतं: १ ते ५ हा आकडा चढाईच्या अवघडपणाचा, आणि ए, बी, सी हे अक्षर वाट किती दुर्गम आहे, मधून सुटका आहे का, हवामान बिघडलं तर काय, याचं. म्हणजे तिथलं ‘२ सी’ हाताला फार जड नसेल, पण दिवसभर लांब, उंच आणि परतीची वाट नसलेलं असू शकतं. ऑस्ट्रियन पट्टीवरचं ‘सी’ मात्र सरळ हातांचा जोर मागतं. पहिल्या वेळेसाठी ऑस्ट्रियन ए ते बी, स्विस के १ ते के २, फ्रेंच एफ किंवा पीडी, आणि इंग्रजी मार्गदर्शिकेतलं १ ए किंवा २ ए एवढीच हद्द ठेवा.

पण श्रेणी फक्त अवघडपणा सांगते. वहिनींच्या बाबतीत खरा प्रश्न अवघडपणाचा नाही, दृष्टिभयाचा आहे, म्हणजे पायाखालची उघडी दरी बघून वाटणाऱ्या भीतीचा, ज्याला आपले ट्रेकर एक्स्पोजर म्हणतात. म्युरेनचंच उदाहरण घ्या. ही वाट म्युरेनहून गिमेलवाल्डकडे आडवी आणि उतरत जाते. दम लागत नाही, हात भरून येत नाहीत, म्हणून व्हिडिओत ती सोपी दिसते. प्रत्यक्षात काही टप्प्यांवर कड्यातून बाहेर आलेल्या लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवत आडवं जायचं असतं आणि दोन पायऱ्यांच्या फटीतून थेट खालची दरी दिसते. पुढे तारेवरून चालायची जागा आणि झुलता पूलही आहे. ज्याला उंचीचं काही वाटत नाही तो हसत जाईल. ज्याला वाटतं तो मध्येच थिजेल, आणि आडव्या वाटेवर थिजलेल्या माणसाला पुढे नेणं किंवा मागे आणणं, दोन्ही सारखंच कठीण.

हरिहरच्या अनुभवाकडे म्हणूनच नीट बघा. हरिहरच्या पायऱ्यांना कातळात कोरलेल्या खोबण्या आहेत, पकड भक्कम आहे, पण तुम्हाला अडकवून ठेवणारं काही नाही. शिवाय तीच वाट उतरावी लागते, आणि उतरताना पाय दिसत नाही म्हणून थरथर सुटते. बहुतेक व्हाया फेराटांमध्ये चढाई केबलवर आणि उतराई साध्या पायवाटेने असते. हा फरक वहिनींच्या बाजूचा आहे. फक्त उतराईची वाट खरोखर साधी आहे का, हे प्रत्येक वेळी विचारून घ्यायचं, कारण काही ठिकाणी उतरतानाही केबल असते.

आता कोलोद्री. आर्को हे सरोवराच्या उत्तर टोकाच्या रीवा गावाच्या थोडं उत्तरेला असलेलं कातळचढाईचं गाव. १९८७ पासून तिथे रॉक मास्टर ही नावाजलेली स्पर्धा भरते. गावात साहित्य भाड्याने देणारी दुकानं आणि गाइडांची कार्यालयं आहेत. गावाला लागूनच कोलोद्रीचा कडा उभा आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर, म्हणजे कोल्हापूरच्या सपाटीवरून पन्हाळा जेवढा उंच दिसतो साधारण तेवढाच. पायथ्यापर्यंत गाडी जाते, तिथून थोडं चाललं की केबल सुरू होते. सगळी चढाई काही सरळसोट नाही. उभा टप्पा, मग झाडीतलं सपाट पाऊल, मग पुन्हा टप्पा, असं चालतं. त्यामुळे दर थोड्या वेळाने दोन्ही पायांवर उभं राहून पाणी पिता येतं. पहिल्या वेळेला मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. उतराई लागेलच्या छोट्या चर्चवरून, पायवाटेने थेट गावात. सराईत माणूस दोन तासांत परत येतो. तुम्ही चौघांनी तीन ते साडेतीन तास धरा. फलकावर लिहिलेल्या वेळेला पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी मी नेहमी दीडने गुणतो.

कोलोद्रीचे दोष दोन. एक, ती इतकी लोकप्रिय आहे की पावलं पडून पडून चुनखडीचे होल्ड (हातपाय टेकायच्या जागा) काचेसारखे गुळगुळीत झालेत. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत, कोरडा असला की बूट धरून ठेवतो. तीच अपेक्षा इथे ठेवलीत तर पहिल्याच टप्प्यात पाय सटकेल. टाच खाली ठेवून बुटाचा पुढचा भाग होल्डवर सपाट टेकवा आणि एकदा ठेवलेला पाय हलवू नका. पाऊस पडला असेल, किंवा आदल्या रात्रीचा ओलावा असेल, तर त्या दिवशी जायचं नाही. दुसरा दोष, कड्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट अंगावर येतं. सातला केबलला हात लावा, म्हणजे दहाच्या आत माथ्यावर असाल आणि ऊन तापायच्या आत सावलीतून उतरता येईल. लवकर निघण्याचं दुसरं कारण विजा. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात, आणि शेकडो मीटर लांब लोखंडी केबलला चिकटून असताना वीज कडाडणं यापेक्षा वाईट जागा डोंगरात नाही. गडगडाट ऐकू आला तर केबलपासून दूर जायचं असतं, आणि टप्प्याच्या मध्यावर तेच शक्य नसतं.

त्याच भागात आणखी तीन नावं तुमच्या कानावर येतील. चिमा कापी, ९०९ मीटर, वाटेत पहिल्या महायुद्धाचे खंदक आणि सरोवराचा अप्रतिम देखावा. ही सोपी ते मध्यम आहे. कोलोद्री मजेत झाली तर एक दिवस सोडून ही करायला हरकत नाही, फक्त पायथ्याच्या गावापासून सुमारे ५०० मीटर चढ आहे हे लक्षात घ्या. रिओ साल्लागोनी ही घळीतली वाट मुलांना चित्रात फार आवडते. तिची सुरुवातच हातांचा जोर मागणारी आहे, म्हणून पहिली म्हणून नको. तिसरी रीवाच्या डोक्यावरची, चिमा सातला जाणारी आमिचित्सिया. श्रेणी कमी, कारण बहुतांश शिड्याच आहेत. पण त्या शिड्या लांबच लांब, उघड्या कड्यावर, आणि सरोवराकाठून अकराशे मीटरच्या वर चढ. श्रेणी आणि दृष्टिभय वेगळे कसे, त्याचं हे दुसरं उदाहरण.

साहित्य तिकडेच भाड्याने घ्या: हार्नेस, हेल्मेट आणि व्हाया फेराटा सेट, म्हणजे दोन कॅराबिनर आणि झटका जिरवणारा पट्टा. हे कळकळीने सांगतोय, कारण शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत औद्योगिक सुरक्षेची दुकानं आहेत आणि तिथे मिळणारा दोन हुकांचा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाला लॅनयार्ड (सुरक्षादोर) दिसायला अगदी तसाच असतो. त्याला व्हाया फेराटावर नेऊ नका. कारखान्यातल्या त्या लॅनयार्डचा हिशेब असा असतो: दोर जास्तीत जास्त दोन मीटर, पडणं जास्तीत जास्त चार मीटर, म्हणजे पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी, दोन. यालाच फॉल फॅक्टर म्हणतात. व्हाया फेराटावर तुम्ही अँकरच्या तीन मीटर वर असताना हात सुटला, तर कॅराबिनर केबलवरून घसरत त्या अँकरपर्यंत जाणार. तीन मीटर ते आणि खाली दोराची एक मीटर लांबी, असं चार मीटर पडणं, तेही एका मीटर दोरावर. फॅक्टर चार. साध्या कातळचढाईत तो कधीच दोनच्या वर जात नाही. म्हणून नायलॉनची स्लिंग, क्लायंबिंगच्या दोराचे तुकडे किंवा कारखान्याचा लॅनयार्ड इथे चालत नाही. एक तर दोर तुटेल, नाही तर झटका माणसाला मोडेल.

खऱ्या सेटमध्ये पट्टा शिवून घडी केलेला असतो आणि पडल्यावर ती शिवण उसवत उसवत झटका जिरवते. सध्याचं मानक ईएन ९५८:२०१७. ते ४० किलोपासून साहित्यासकट १२० किलोपर्यंतच्या माणसांसाठी आहे. पट्टा जास्तीत जास्त २.२ मीटर उसवू शकतो, ४० किलोच्या माणसाला बसणारा झटका ३.५ किलोन्यूटनच्या आत आणि १२० किलोच्याला ६ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा. भाड्याचा सेट हातात आल्यावर पट्टीवर हे मानक आणि उत्पादनाचं वर्ष वाचा. मानकाआधीचा, म्हणजे २०१७ पूर्वीचा सेट परत करा. हा हट्ट उगाच नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात एका अपघातात सेटचे दोन्ही लवचिक पट्टे तुटून माणूस गेला, आणि त्यानंतर कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर जुने सेट परत मागवले. लवचिक पट्टे वापराने आतून झिजतात, बाहेरून ते कळतही नाही. भाड्याचा सेट तर रोज वापरात असतो. पट्ट्यावर लव आलेली आहे का, शिवणीची पिशवी उघडून धागा ओढलेला दिसतो का, कॅराबिनरचं दार आपोआप बंद होऊन लॉक होतं का, हे चौघांचेही सेट हातात घेऊन बघा.

तुमचं स्वतःचं वजन इथे बेताचं आहे. १०८ किलोवर बूट, कपडे, हेल्मेट, हार्नेस, आणि पाठीवर दोन लिटर पाणी धरलं की ११५ सहज होतं. चौघांचं सामान तुम्ही एकट्याने पाठीवर घेतलंत तर १२० ओलांडाल. पाणी आणि खाऊ मुलगी आणि वहिनींच्या पाठीवरही विभागून द्या.

धाकट्याचा प्रश्न उलटा आहे. ३४ किलोला सेटची शिवण पुरेशी उसवणारच नाही, आणि झटक्याचा बराच भाग त्याच्या अंगावर येईल. म्हणून ४० किलोच्या आतल्या प्रत्येकाला वरून दोराने बिले देणं, म्हणजे वरच्या माणसाने दोर ताणून सांभाळणं, हाच मार्ग, सेट लावलेला असला तरी. ते काम आई-वडिलांनी स्वतः शिकून पहिल्याच दिवशी करायचं नाही. दोर ढिला राहिला तर त्याचा उपयोग शून्य, आणि एका हाताने दोर, दुसऱ्याने स्वतःचं क्लिपिंग, असं करताना चूक होतेच. आंतरराष्ट्रीय परवानाधारक पर्वतीय गाइड घ्या, आणि त्याचं लक्ष मुलावर राहील हे आधी बोलून घ्या. मुलाच्या कमरेचं हाड अजून नीट भरलेलं नसेल तर हार्नेस कमरेवरून निसटू शकतो. त्याला छातीचाही पट्टा असलेला हार्नेस मागा.

हार्नेसला पट्टे अडकवून चढायला लागलात की एकच नियम सगळ्यात वरचा: दोन्ही कॅराबिनर एकाच वेळी कधीही सुटलेले नसावेत. अँकरपाशी पोहोचा, दोन्ही पाय पक्के ठेवा, एका हाताने केबल धरा. एक कॅराबिनर काढून अँकरच्या पलीकडे लावा, लॉक झाल्याचा आवाज ऐका, मग दुसरा. घाईत माणूस दोन्ही एकदम काढतो, आणि ते बहुतेक वेळा सोप्या, आडव्या जागी होतं, कारण तिथे सावधपणा सैल पडतो. पट्टे एकमेकांत पिळ खात जातात. दर काही अँकरनंतर तो पीळ काढा. पाठपिशवीचा किंवा जॅकेटचा पट्टा शिवणीच्या पिशवीवरून जाऊ देऊ नका. दमलात तर थांबण्यासाठी आखूड पट्ट्यावर वेगळा कॅराबिनर असलेला सेट मागा, तो लोखंडी पायरीत अडकवून हात सोडता येतात. पुढे निघताना मात्र तो काढायलाच हवा, कारण आखूड, न ताणणाऱ्या पट्ट्यावर छोटीशी पडझडही जबर लागते.

दोन अँकरच्या मधल्या टप्प्यात एकाच वेळी एकच माणूस. उभ्या टप्प्यात मी एक टप्पा मोकळा सोडतो. वरचा पडला तर तो खालच्या अँकरपर्यंत येणार, त्यावर पट्टा दोन मीटर उसवणार, आणि तिथे खाली कोणी असेल तर त्याच्या डोक्यावर. चौघांचा क्रम असा ठेवा: गाइड पुढे, त्याच्या दोरावर धाकटा, मग वहिनी, मुलगी, शेवटी तुम्ही. वहिनींच्या मागे मुलगी म्हणजे खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगायला माणूस जवळ राहतो.

हातांबद्दल एक सांगतो, तालमीतल्या माणसाला खास. ताकद असली की गडी केबलला लोंबकळत हातांनी ओढून घेतो, आणि वीस मिनिटांत पोटऱ्यांआधी मनगटं संपतात. हात सरळ ठेवा, वजन पायांवर, पावलं छोटी. केबल आधाराला धरायची, ओढायला नाही. हातमोजे हवेत, कारण केबलचा एखादा सुटलेला तंतू तळहात चिरून जातो. बोटांची टोकं उघडी असलेले चामड्याचे मोजे सगळ्यात बरे. हे मोजे मात्र तुम्ही कोल्हापुरातून घेऊन जाऊ शकता. बूट टणक तळव्याचे. मऊ तळव्याचे, रबरी खुंट्यांचे बूट पावसाळी ट्रेकला चालतात, पण गोल लोखंडी पायरीवर अर्धा तास उभं राहिलं की तळव्याची कमान दुखायला लागते.

आत्तापासून मे महिन्यापर्यंत तयारी काय? पावनखिंड दोनदा चिखलात चालून आलेल्या माणसांना दमाची काळजी नाही. पुलअपच्या बारला नुसतं लोंबकळणं, प्रत्येकी तीस सेकंद, तीन वेळा, एक दिवसाआड. पकड त्यानेच टिकते. घरातल्या जिन्याच्या रेलिंगला दोर बांधून मीटर-दीड मीटरवर गाठी मारा आणि दोन कॅराबिनर एकेका गाठीपलीकडे लावण्याचा सराव करा, मोजे घालून. धाकट्याला यात सगळ्यात मजा येईल. वहिनींसाठी पुण्यातली एखादी कृत्रिम क्लायंबिंग वॉल गाठा, आठ-दहा मीटर वर जाऊन दोरावर बसू द्या, हात सोडू द्या. हार्नेस आपल्याला धरून ठेवतो हे डोक्याला कळून उपयोग नसतो, ते अंगाला कळायला लागतं. तिथेही पाय थरथरले तर काही बिघडत नाही. तिथे हात सोडणंच जमलं नाही, तर वहिनींनी मुलीबरोबर आर्कोच्या किल्ल्यावर चालत जावं, तर तुम्ही आणि धाकट्याने गाइडबरोबर कोलोद्री करावी. तेही चांगलंच जमेल.

विमा वेगळा वाचा. प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये गिर्यारोहण आणि साहसी खेळ वगळलेले असतात, तर काहींत ‘दोर किंवा गाइडची गरज असलेली चढाई’ वगळली आहे असं लिहिलेलं असतं. व्हाया फेराटा नेमकी त्यात बसते. हेलिकॉप्टरने सुटका झाली तर तो खर्च पर्यटकावर पडू शकतो. इटलीत मदतीसाठी ११२, स्वित्झर्लंडमध्ये हवाई सुटकेसाठी १४१४.

तारखा बदलून सप्टेंबरमध्ये जाता आलं, तर उत्तर बदलेल. मग एंगेलबर्गची ब्रुनिस्टॉकली पहिली. पुढे डोलोमाइटला गेलात तर गार्देना खिंडीवरून ग्रान चिर, २५९२ मीटर, सोपी आणि माथ्यावर मोकळं आकाश. किंवा कोर्तिनाजवळ आवेराऊ, सुमारे २६५० मीटर, रोपवेने जवळ जाता येतं, पण ती कोलोद्रीइतकी तरी जड आहे, म्हणून दुसरी म्हणून. म्युरेन त्यानंतर, आणि वहिनींनी स्वतःहून म्हटलं तरच.

आर्कोच्या गाइड कार्यालयाला आजच एक मेल टाका, मे महिन्यात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सुट्ट्यांनी तिथे गर्दी असते. त्यात एवढंच लिहा: चौघांची वयं, उंची आणि वजनं, मुलगा ३४ किलोचा, त्याला दोर हवा, कुणालाही आधी व्हाया फेराटाचा अनुभव नाही, एकाला उंचीची धास्ती, कोलोद्री हवी, सकाळी सातची सुरुवात, पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी सरकवता येईल का, साहित्य गाइडच्या फीमध्ये धरलंय का, आणि सेट कुठल्या वर्षाचे आहेत. निघण्यापूर्वी मुलाचं वजन पुन्हा करा. ४० भरलं नाही तर दोर राहीलच, आणि भरलं तरी या पहिल्या वेळेला मी तो काढायला सांगणार नाही.